मोड कोणता लावू?

नागपूर-तुळजापूर हायवेच्या अंगाला आर्णीत ऑनलाइन सर्व्हिसेसची जी दुकानं आहेत, त्यांतलं एक माझ्या भाच्याचं. बोर्डावर आधार, पॅन, सातबारा, जातीचा दाखला, लाईट बिल, पासपोर्ट फोटो आणि सगळ्यांत खाली लाल अक्षरांत ‘रेल्वे रिझर्व्हेशन’. आर्णीला रेल्वे नाही. पण ज्या गावात गाडी येत नाही तिथल्याच माणसाला जागा आधी धरून ठेवावी लागते, असं भाच्याचं म्हणणं. धंद्याच्या गोष्टीत मी त्याच्याशी वाद घालत नाही. कोपऱ्यातली खुर्ची आणि संध्याकाळचा चहा मला त्याच्याच कृपेनं मिळतो.

दुकानात पाच कॉम्प्युटर आहेत. दिवसा ते सरकारी काम करतात, म्हणजे बराच वेळ गोल फिरणारं चक्र दाखवतात. रात्री साडेआठला शटर कमरेपर्यंत खाली येतं, प्रिंटरवर टॉवेल पडतो, दारातल्या चपला वाढतात आणि त्याच पाच कॉम्प्युटरांवर अंतराळयुद्धाला तोंड फुटतं.

खेळाचं नाव ‘डिसेंट २’. साल १९९६. खेळणाऱ्यांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता; एकाच्या तर आईवडिलांची सोयरीकसुद्धा जुळलेली नव्हती. यात जुन्याचं प्रेम वगैरे काही नाही. नवा खेळ टाकला की यातले दोन कॉम्प्युटर विचारात पडतात आणि तिसरा मान टाकतो. हा म्हातारा खेळ मात्र पाचही मशीनवर टुणटुणीत पळतो. गोष्ट अशी, की आपल्या सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांवर एका कंपनीच्या खाणी आहेत, खाणीतले रोबो बिथरले आहेत आणि आपण भाडोत्री वैमानिक होऊन त्या बोगद्यांत यान घालायचं. वणीच्या कोळसा खाणीत कोणाच्या ओळखीनं चिकटता येईल का, याची वर्षभर चौकशी करणाऱ्या पोट्ट्यांना इथं परक्या सूर्याच्या खाणीत थेट नेमणूक मिळते. मुलाखत नाही, मेरिट लिस्ट नाही, जातपडताळणी नाही.

या खेळाचं वैशिष्ट्य म्हणजे यान पुढंमागं, डावंउजवं, वरखाली कसंही सरकतं आणि शिवाय तिन्ही अंगांनी कोलांट्याही घेतं. त्यामुळं जमीन कोणती आणि छत कोणतं, हा प्रश्न दोन मिनिटांत निकालात निघतो. मग असे संवाद ऐकू येतात:

“अबे वरतं पाह्य, वरतं!”

“वरतं कोनतं बे? मी उलटा हावो.”

“मंग खालतं पाह्य!”

“खालतं पाह्यलं त तू दिसून राह्यला.”

मलाही एकदा बसवलं होतं. बाबा कंबलपोषच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसून भजी खाल्लेला मी माणूस, पण या बोगद्यात तिसऱ्या वळणावर चहा वर आला. तेव्हापासून मी प्रेक्षक आहे, आणि प्रेक्षक म्हणूनच सांगतो, की या खेळातला सगळ्यांत रंगतदार भाग यानं उडायच्या आधीच होऊन जातो.

एकानं सामना उघडायचा आणि बाकीच्यांनी त्यात शिरायचं, अशी यात पद्धत आहे. जो उघडतो तो प्रकार ठरवतो. उघडणारा अर्थातच माझा भाचा, कारण दुकान त्याचं. तो माऊसवर हात ठेवून, मागं न बघता विचारतो, “मोड कोणता लावू?” आणि तिथून पुढं अर्धा तास कोणीच कॉम्प्युटरकडं बघत नाही.

‘ॲनार्की’ म्हणजे ज्याचा तो. ‘टीम ॲनार्की’त दोन बाजू. ‘रोबो-ॲनार्की’त ज्याचा तो, वर रोबोंचा मार फुकट. ‘को-ऑपरेटिव्ह’मध्ये सगळे मिळून रोबोंच्या अंगावर. ‘कॅप्चर द फ्लॅग’मध्ये दुसऱ्याचा झेंडा पळवून आणायचा. आणि ‘होर्ड’मध्ये साठेबाजी. ज्यांनी हा खेळ लिहिला त्या अमेरिकन मंडळींना बिचाऱ्यांना वाटलं, की ही यादी समोर ठेवली की माणूस एकावर बोट ठेवील आणि खेळायला लागेल. ती यादी आर्णीत उघडली जाणार हे त्यांना कोणी कळवलं नसावं. मी आजवर पाहिलंय ते असं: मोड कोणताही लावा, तिसऱ्या मिनिटाला तो उतरतो आणि गावातली नातीगोती, उधारी आणि जुनी खुन्नस चढते.

ॲनार्कीच घ्या. ‘ज्याचा तो’ म्हणणं सोपं आहे. पण पाच खुर्च्यांवर बसलंय कोण? एकावर भाचा. दुसरीवर त्याचा चुलतभाऊ, ज्याच्या वडलांच्या नावावर या दुकानाचा गाळा आहे. तिसरीवर त्या चुलतभावाचा साळा, उमरखेडहून बहिणीकडं म्हणून आलेला आणि परत जायचं नाव न काढणारा. चौथीवर पोलीस भरतीची तयारी करणारा पोट्टा, जो चुलतभावाच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो आणि ज्याचं भाडं थकलेलं आहे. पाचवीवर शेजारचा मोबाईल रिपेअरिंगवाला, ज्याचे पैसे बाकीच्या चौघांकडंही येणं आहेत.

आता सांगा, कोण कोणाला मारणार? भाचा गाळेमालकाच्या पोराला मारत नाही. साळा भाऊजींवर मिसाईल सोडत नाही. रीत आड येते. भाऊजी साळ्यावर सोडत नाहीत, कारण रात्री घरी जाऊन जेवायचं असतं. भरतीवाला घरमालक समोर आला की बोगद्याच्या भिंतीला चिकटून ‘जा, तुम्ही आधी जा’ अशा थाटात थांबतो. राहता राहिला मोबाईलवाला. तो येईल त्याला मारतो आणि कोणी चकार शब्द काढत नाही, कारण प्रत्येकाला आपली उधारी ठाऊक असते.

हे सगळं गुप्त राहिलं असतं. पण डिसेंटवाल्यांनी एक वाईट खोड करून ठेवली आहे. डाव संपला की पडद्यावर एक तक्ता येतो: आडव्या ओळीत नावं, उभ्या ओळीत नावं आणि मधल्या चौकटींत कोणी कोणाला किती वेळा मारलं त्याचा आकडा. असा उघडा हिशेब ग्रामसभेतसुद्धा कोणी मांडत नाही. चुलतभाऊ आणि साळा यांच्या चौकटीत दोन्हीकडून शून्य. भाचा आणि चुलतभाऊ, शून्य. भरतीवाला ते घरमालक, शून्य. घरमालक ते भरतीवाला मात्र नऊ. भरतीवाला त्या नऊकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “भाऊ, हे भाड्यातून कापून घेजा.”

या खेळांचा मूळपुरुष ‘स्पेसवॉर’. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ नावाच्या कपाटाएवढ्या कॉम्प्युटरवर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी तो रचला. दोन यानं, मधे एक तारा, आणि तो तारा दोघांनाही आपल्याकडं ओढतोय. पुढं १९ ऑक्टोबर १९७२ ला स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत त्याची रीतसर स्पर्धा झाली. बक्षीस काय, तर ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची वर्षभराची वर्गणी. तिथंही प्रकार होतेच: एक पाच जणांचा ज्याचा-तो, एक जोडीजोडीचा. पाचांच्या डावात ब्रूस बॉमगार्ट नावाचा गृहस्थ जिंकला. मला त्या निकालात एवढंच दिसतं, की त्या पाचांत कोणी कोणाचा साळा नव्हता. नाहीतर निकाल लागता ना.

आणि एवढं करूनही कोणी हरायलाच लागला, तर त्याचीही तजवीज आहे. बहुतेक खाणींत एक रिॲक्टर असतो. तो फोडला की भोंगा वाजायला लागतो, उलटी मोजणी सुरू होते आणि जो बाहेरच्या दारापर्यंत पोचत नाही तो खाणीबरोबर जातो. आमच्या लहानपणी हरणारा पोरगा पायानं गोट्या उधळून घरी पळायचा. त्याला मागून शिव्या खाव्या लागायच्या. इथं डाव मोडायला भोंग्यासकट सरकारी मान्यता! साळा या कामात पटाईत आहे. तो तिसऱ्या नंबरावर गेला, की खोलीत कुठून तरी भोंगा सुरू होतो आणि चुलतभाऊ कपाळावर हात मारून म्हणतो, “लागला माह्या सासरचा नाद.”

टीम ॲनार्कीत निदान शत्रू कोण हे आधी सांगितलेलं असतं. पण पाचांच्या बाजू पाडणं हे पहिलं संकट. तीन विरुद्ध दोन झाले, की दोनवाल्यांना हरायच्या आधीच कारण मिळतं आणि तीनवाल्यांना जिंकूनही मान मिळत नाही. त्यात या खेळात आपल्या बाजूच्या माणसाची गोळीही आपल्याला लागते. “चुकून लागली बे” हे वाक्य मी या दुकानात जितकं ऐकलंय तितकं ‘सर्व्हर डाऊन आहे’ हेही ऐकलेलं नाही. चुकून लागलेल्या गोळ्यांचा नेम इतका अचूक कसा, हे मात्र कोणी विचारत नाही.

दुसरं संकट खर्रा. टीम म्हटली की कॅप्टन आला, कॅप्टन म्हटला की हुकूम आले, आणि आमचा कॅप्टन, म्हणजे मोबाईलवाला, रात्री साडेआठनंतर तोंड उघडू शकत नाही. पन्नी दोन्ही तळव्यांत धरून त्यानं खर्रा घोट घोट घोटलेला असतो, आणि एवढ्या मेहनतीचं फळ एका हुकुमापायी थुंकून टाकणं कोणाच्यानं होईल? तो हनुवटी वर करून “उं! उं उं!” असं म्हणतो. भाचा त्याचा अर्थ ‘डावीकडून ये’ असा घेतो, भरतीवाला ‘माघार घे’ असा. दोघं वाटेत एकमेकांवर आदळतात. शेवटी कॅप्टनला राहवत नाही. तो उठतो, शटरखालून वाकून बाहेर जातो आणि मोकळा होतो. तेवढ्या वेळात त्याचं यान बोगद्याच्या तोंडाशी निश्चल तरंगत असतं. विरोधी पक्षाला हे पक्कं माहीत असल्यानं ते त्याच्या उठण्याचीच वाट पाहतात. त्याचा गाल फुगला की त्यांच्या मिसाईली तयार. परत येऊन तो भांडतो, “थुंकाले गेल्तो ना बे!” अशी सवलत खेळाच्या नियमांत नाही. असायला हवी, असं माझंही मत आहे.

झेंडा पळवण्याच्या प्रकारावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. झेंडा आणायला चारजण धावतात, स्वतःचा झेंडा राखायला कोणी थांबत नाही, आणि ज्याच्या हाती लागतो त्याला बाकीचे घरी कसं जायचं ते शिकवतात. एकदा मात्र मौज झाली. साळ्यानं निळ्यांचा झेंडा उचलला, आणि भाचा जेवायला उठल्यावर सामना परत लावला गेला तेव्हा साळा निळ्यांत जाऊन बसला. झेंडा आपल्याचकडं राहू द्या, असा त्याचा आग्रह. खेळ बनवणाऱ्यांना हे सुचलंच नव्हतं. १९९६ ची माणसं ती. २०२२ नंतर महाराष्ट्रात बनवला असता तर पक्ष बदलताना चिन्ह सोबत न्यायची सोय पहिल्याच पानावर दिली असती.

रोबो-ॲनार्कीला आमच्याकडं कोणी हौसेनं जात नाही. आपण आपसात जुनी भांडणं काढत असताना तिसऱ्याच बोगद्यातून एक रोबो येतो, ज्याचं कोणाशी नातं नाही, कोणाशी उधारी नाही, आणि तो सरसकट सगळ्यांना हाणतो. याला काय चव! पण त्या प्रकाराचं खरं प्रात्यक्षिक विदर्भाला एकदा मिळालेलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. सगळे श्रीखंडानं जड होऊन अंगणात बसलेले आणि आकाशातून जळते तुकडे रांगेनं सरकत चाललेले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत माणसापेक्षा उंच अशी धातूची एक रिंग येऊन पडली. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तो भाग असावा, असं जाणकारांनी सांगितलं. दुकानात दुसऱ्या दिवशी एकच चर्चा, की ही रिंग कोणाच्या खात्यात धरायची. लोकसभेला आर्णी चंद्रपुरातच मोडते, तेव्हा ती आपलीच, असा ठराव झाला. भरतीवाल्यानं विचारलं, “पन पाडली कोनं?” कोणीच पाडली नव्हती, हे ऐकून त्याचा विरस झाला. त्याच्या तक्त्यात शून्य ते शून्य कोणाला लिहायचं?

आता सगळ्यांत भांडखोर प्रकार. तो म्हणजे को-ऑपरेटिव्ह. इथं सगळे एका बाजूला, समोर फक्त रोबो. एकमेकांना मारायचं कारण नाही, हरायचं भय नाही. तरी शटरबाहेर चहावाल्याला ऐकू जाईल एवढा आरडाओरडा याच प्रकारात होतो. कारण असं: यान फुटलं की त्यातली कमावलेली हत्यारं तिथंच सांडतात आणि वैमानिक पुन्हा मोकळ्या हातानं सुरुवात करतो. आपली हत्यारं सांडलेल्या जागी तो जीव खाऊन परत येतो, तर तिथं सोबत्यांपैकी कोणीतरी आधीच हात मारलेला असतो.

“माही प्लाझ्मा कोनं उचलली बे?”

शांतता. बाकीचे अचानक फार मन लावून खेळायला लागतात.

“मी मेलो आन् तुमी दसक्रिया व्हायच्या आंदी वाटण्या केल्या!”

डिसेंट २ मध्ये एक चोर रोबोही आहे. तो येतो, तुमचं एखादं हत्यार काढून घेतो आणि वळणावळणानं पळतो. त्याच्यावर मात्र पोट्टे चिडत नाहीत. “पळते त मस्त लेकाचा,” एवढंच म्हणतात. घरच्यांनी उचललेलं हत्यार लक्षात राहतं, चोरानं नेलेलं विसरलं जातं. मी माझ्या वयाच्या मित्रांना हे सांगितलं तेव्हा तिघांनी भावकीतल्या बांधाच्या गोष्टी काढल्या आणि बैठक रात्री अकराला संपली.

मधेच लाईन जाते, तो आणखी वेगळाच मोड. इन्व्हर्टरवर दोनच कॉम्प्युटर चालतात. त्यांतला एक भाच्याचा. दुसरा कोणाचा, हे त्या आठवड्यात बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोणी आणून घातलं त्यावर ठरतं. उरलेले तिघं अंधारात बसून जिवंत दोघांना सल्ले देतात. लाईन आल्यावर आधीचे गुण धरायचे की नाहीत, यावर एकदा इतकं झालं की साळा दोन दिवस दुकानात आला नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीनं पाठवून दिला. घरात तरी काय करणार?

मोठे सामने कसे असतात, तेही भाचा सांगत असतो. आइसलंडच्या एका कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा खेळ २००३ पासून चालू आहे. तिथं मोड निवडायची भानगड नाही. जवळजवळ सगळं जग एकाच अंतराळात. प्रदेश आपल्या ताब्यात ठेवायचा तर ठरल्या वेळी खेळातल्या पैशात भरणा करावा लागायचा. जानेवारी २०१४ मध्ये एका युतीचा असा एक भरणा चुकला, मोक्याचा प्रदेश मोकळा पडला, आणि दोन्हीकडच्या फौजा तिथं येऊन आदळल्या. लढाई एकवीस तास चालली. साडेसात हजारांवर माणसं त्यात उतरली. ‘टायटन’ नावाची सगळ्यांत महाग यानं पंचाहत्तर फुटली आणि झालेलं नुकसान खऱ्या पैशात मोजलं तर तीन लाख डॉलरच्या घरात गेलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी आमच्या तालुक्यातल्या दाभडीत ‘चाय पे चर्चा’ झाली आणि आर्णी देशभर टीव्हीवर दिसली. म्हणजे त्या वर्षी दोन मोठ्या घटना घडल्या. आर्णीला एकच कळली.

भाचा हे सांगत होता तेव्हा शटरखालून वाकून एक गृहस्थ लाईट बिल भरायला आलेले होते. उद्या भरतो, परवा भरतो, असं करत शेवटच्या तारखेला उगवणाऱ्यांपैकी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“एक बिल राह्यलं म्हनून?”

“हव.”

“पंच्याहत्तर जहाजं?”

“हव काका.”

त्यांनी बिल भरलं, पावती मागितली, पावतीवर शिक्का मागितला आणि जाता जाता पुढच्या महिन्याचं आत्ताच भरून घेता येतं का, ते विचारून ठेवलं.

त्या लढाईतली मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. एवढी माणसं एका जागी आली की तिथला सर्व्हर कोलमडेल, म्हणून खेळातला काळच सावकाश करतात, दहा टक्क्यांपर्यंत. आपल्या घड्याळाची दहा मिनिटं गेली की तिथं एक मिनिट सरतं. गोळी सुटलेली दिसते, मग माणूस चहा घेऊन येतो, मग ती लागते. भाच्याला याचं अप्रूप वाटत नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा निघाला तेव्हा त्यानं हेच रोज अनुभवलं. फॉर्म भरायला बसलेला माणूस तरुण असायचा आणि ओटीपी येईपर्यंत पोक्त व्हायचा. त्या दिवसांत दुकानात अंतराळयुद्ध बंद होतं. रात्री बारापर्यंत रांग, आणि पाचही वैमानिक आधार नंबर टाइप करताहेत.

त्या रांगेतूनच सावळी सदोबाकडचे एक काका दुकानाला लागले ते लागलेच. काम असो नसो, आर्णीला आले की बाकावर बसतात. ॲनार्की, टीम वगैरे प्रकार त्यांनी कपाळाला आठ्या घालून पाहिले. त्यांच्या मते हे सगळं रिकामपण. पण ज्या रात्री भाच्यानं ‘होर्ड’ लावला त्या रात्री ते बाकावरून उठून थेट भरतीवाल्याच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले.

होर्डचा हिशेब असा. यान फुटलं की त्यातून चकाकणारा गोळा बाहेर पडतो. ते गोळे गोळा करायचे आणि ठरलेल्या दारात नेऊन टाकायचे. एक गोळा नेला तर एक गुण. पण दोन एकदम नेले तर तीन, तीन नेले तर सहा, चार नेले तर दहा. असं चढत चढत बारा गोळे एकदम नेले तर अठ्ठ्याहत्तर. बाराच्या वर यानात मावत नाहीत. आणि वाटेत मेलात, तर जमवलेलं सगळं जागेवर सांडतं. मागून येणारा उचलून नेतो.

हे काकांना दोनदा सांगावं लागलं नाही. पोट्ट्यांना गणित कळायला आठवडा लागला होता, काका एका दमात म्हणाले, “म्हंजे घरात ठेवला का भाव चढते.” आणि खरंच, तो सगळा प्रकार कापसासारखाच आहे. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून आमच्या भागात कित्येकांनी बोंड फुटल्याबरोबर न विकता घरात गंजी लावली. माजघरात कापूस, पलंगाखाली कापूस, देव्हाऱ्यापुढं जेमतेम पाट मांडायला जागा. पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, उन्हाळा आला, भाव काही त्या उंचीला परत गेला नाही. काकांनीही ठेवला होता. बाकावर बसल्या बसल्या ते अजूनही कधी कधी नकळत दंड खाजवतात.

असा पोळलेला माणूस ‘लवकर विकून मोकळा हो’ म्हणेल, अशी माझी समजूत. भरतीवाल्याकडं चार गोळे झाले.

“जाऊन टाकू काय काका? दहा भेटते.”

“थांब.”

सात झाले. सातांचे अठ्ठावीस. भरतीवाल्याचा पाय खुर्चीखाली थरथरायला लागला.

“टाकतो आता.”

“लेका, घाई कायची? पोरगी लग्नाची हाय काय तुई?”

नऊ झाले. तोवर बाकीच्या चौघांना सुगावा लागला होता. या प्रकारात गोळेवाला कोण हे कळलं, की नातीगोती, भाडं, उधारी सगळं बाजूला राहतं. जे काम ॲनार्कीला जमलं नव्हतं ते होर्डनं एका मिनिटात केलं: चौघंही एकाच्या मागं. साळा भाऊजींना वाट दाखवतोय, गाळेमालकाचा पोरगा भाच्याला “तू डावीकडून घेर” म्हणतोय, मोबाईलवाल्यानं खर्रा थुंकून तोंड मोकळं केलेलं. एवढी एकजूट मी या गावात नगरपरिषदेच्या निवडणुकीतही पाहिलेली नाही.

दहा. अकरा. काकांनी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली. बारावा गोळा एका आडबोगद्यात तरंगत होता, तो भरतीवाल्यानं उलटं होऊन टिपला.

“बारा! काका, बारा झाले! आता त मावत बी नाही!”

“हां,” काका म्हणाले, “आता चाल हळूहळू. बोंबलत जाऊ नोको.”

दार दिसत होतं. दारासमोरचं शेवटचं वळण राहिलं होतं. साळ्यानं छताला टेकून, किंवा जमिनीला टेकून, जे काय असेल ते, एक मिसाईल सोडली. भरतीवाल्याच्या यानाचे तुकडे झाले आणि बारा गोळे बोगद्यात पसरले. साळा ते वेचायला वळेपर्यंत मोबाईलवाला मागून आला, सगळे उचलले, चार हात पुढं जाऊन दारात टाकले. अठ्ठ्याहत्तर.

“व्यापाऱ्यानंच कमावलं,” काका म्हणाले.

भरतीवाल्यानं हेडफोन काढून ठेवला. साळा मोबाईलवाल्याला अर्धे गुण मागत होता, कारण मेहनत त्याची. मोबाईलवाला जुन्या उधारीचा हिशेब काढत होता. भाचा मागं न बघता विचारत होता, आता मोड कोणता लावू. काका मात्र वेगळ्याच विचारात.

“बाप्पू,” ते भाच्याला म्हणाले, “याचा विमा निघते काय?”

भाचा दिवसभरात हा प्रश्न इतक्यांदा ऐकतो की उत्तर त्याच्या तोंडून आपोआप पडलं. “नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत ऑनलाइन कळवा लागते. आन् फोटो लागते, जागेवरचा.”

काकांनी बंडीच्या खिशातून मोबाईल काढला, पडद्यापुढं धरला, मग थांबले आणि भरतीवाल्याचा दंड धरून त्याला कॉम्प्युटरच्या बाजूला उभं केलं. फोटोत शेतकरी दिसला पाहिजे.